डेटा, पाण्याचा मीटर आणि लोकलचा पास

नमस्कार,

घरच्या इंटरनेटच्या एफयूपीवर, म्हणजे महिन्याचे ठरलेले जीबी संपले की वेग पाडणाऱ्या मर्यादेवर, मी टीका केली होती; त्यावर तुम्ही वेळ काढून एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत लोक महिन्याला पाच-सहा हजार रुपये मोजतात, तरी त्यांना मर्यादा असते, आपल्याकडे सातशे रुपयांत १०० एमबीपीएसचा वेग आणि ३३०० जीबी डेटा मिळतो, मग तक्रार कसली? शिवाय जास्त पाणी वापरणाऱ्याला जास्त बिल येतं, तसंच डेटाचं असावं. आणि जपान-कोरिया हे श्रीमंत देश, त्यांची उदाहरणं आपल्याला देऊ नयेत.

दराचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि ते माझ्या लेखात यायला हवं होतं. २०१९ साली जिओ फायबर आलं, पुढच्या वर्षी त्यांनी ३९९ रुपयांत ३० एमबीपीएस दिलं आणि बाकीच्यांना दर उतरवावे लागले. ३३०० जीबीवरही माझा आक्षेप नाही. एचडी व्हिडिओला तासाला ३ जीबी धरले तरी ११०० तास होतात, आणि महिन्याचे तासच ७२०. एक लाइन घेऊन अख्ख्या चाळीला विकणाऱ्याला अडवायला अशी मर्यादा असली तर असू दे.

माझा राग लहान मर्यादांवर आहे आणि तो आमच्या भांडुपच्या घरातून आलेला आहे. २०२० चा लॉकडाउन. दोन मुलांचे ऑनलाइन वर्ग, माझं काम, आणि प्लॅन २०० जीबीचा, नाव अर्थात ‘अनलिमिटेड’. महिन्याच्या एकविसाव्या दिवशी वेग पडून ५१२ केबीपीएस, म्हणजे जेमतेम अर्धा एमबीपीएस झाला. आईचा रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांना पाठवायचा होता. पाच एमबीचा फोटो; ५१२ च्या वेगाने तो सव्वा मिनिटात जायला हवा, पण तेवढ्यात धाकटीचा वर्ग चालू होता, म्हणून तो जाईचना. शेवटी तिला वर्गातून उठवलं, वायफाय बंद करायला लावलं, तेव्हा रिपोर्ट गेला. ऑपरेटरला फोन केला तर उत्तर मिळालं, “टॉप-अप मारा, लगेच चालू करतो.” लगेच चालू करता येत होतं म्हणजे लाइनमध्ये जागा होती. हे मी अजून विसरलेलो नाही.

आता पाण्याचं. भातसा-तानसाचं पाणी मी बादलीभर सांडलं तर ते गेलं, कोणाला तरी तेवढं कमी मिळणार. मी रात्री दोन वाजता ५० जीबीचा बॅकअप घेतला तर सकाळी तुमच्या वाट्याचं काहीच कमी होत नाही. इंटरनेट पुरवणारे मोठ्या कंपन्यांकडून घाऊक क्षमता घेतात तीही सहसा एमबीपीएसच्या हिशेबाने, आणि पैसे पडतात ते गर्दीच्या वेळी किती लागते त्यावर. म्हणून मला लोकलचा पास जवळचा वाटतो. सकाळी नऊच्या फास्टला माणसं लटकतात, त्यासाठी जास्त डबे, जास्त गाड्या लागतात. दुपारी दोनला कोणी कल्याणपर्यंत चार फेऱ्या जास्त मारल्या तर रेल्वेला काय फरक पडतो? पास फेऱ्या मोजत नाही, अंतर आणि वर्ग बघतो. इंटरनेटमध्ये तसा वेग बघा, त्याचे पैसे घ्या. ज्याला ३०० एमबीपीएस हवेत त्याने जास्त द्यावेत, यावर आपलं दोघांचं एकमत आहे.

अमेरिकेचं उदाहरण तुम्हीच काढलंत, तर ते पुरतं बघू. कॉमकास्ट ही तिथली मोठी इंटरनेट कंपनी; तिची मर्यादा महिन्याला १.२ टीबी (सुमारे १२०० जीबी) होती, त्याआधी १ टीबी. १.२ टीबीच्या वर दर ५० जीबीला १० डॉलर, जास्तीत जास्त १०० डॉलर. मार्च २०२० मध्ये सगळा देश घरात बसला आणि वापर कधी नव्हे एवढा वाढला, नेमकी तेव्हाच त्यांनी तेव्हाची १ टीबीची मर्यादा काही महिने उठवली. नेटवर्क चाललं. ईशान्येकडच्या राज्यांत, जिथे व्हेरायझन या प्रतिस्पर्धी कंपनीचं फायबर समोर उभं आहे, तिथे ही मर्यादा लावायचा बेत लोकांच्या विरोधानंतर पुढे ढकलावा लागला. २०२५ मध्ये तर नव्या प्लॅनमधून ती काढूनच टाकली. तार तीच, कंपनी तीच.

श्रीमंतीच्या मुद्द्याला माझं उत्तर रुमानिया. युरोपीय संघातल्या गरीब देशांपैकी एक, पण तिथे गिगाबिट फायबर महिन्याला आठ-दहा युरोंत मिळतं आणि जीबी कोणी मोजत नाही. कसं झालं? नव्वदच्या दशकाअखेरीपासून तिथल्या पोरांनी आपापल्या इमारतींमध्ये वायरी ओढून गल्लीतली नेटवर्कं उभी केली. एकाच वस्तीत दोन-तीन नेटवर्कं, त्यामुळे दर खाली आणि वेग वर. पुढे मोठ्या कंपन्यांनी ती विकत घेतली, पण लोकांना लागलेली सवय मोडता आली नाही. हे वाचलं तेव्हा मला आपले केबलवालेच आठवले: गच्चीवरून गच्चीवर, झाडाच्या फांदीला गुंडाळलेली काळी वायर. तेच काम आपल्या पोरांनीही केलंय.

म्हणूनच मला आता मुंबईतल्या नव्या टॉवरांची काळजी वाटते. काही ठिकाणी बिल्डर किंवा कमिटी एकाच कंपनीशी करार करते आणि दुसऱ्याची वायर गेटच्या आत येऊ देत नाही. अशा इमारतीत देशभरातली स्वस्ताई काय कामाची? एफयूपीचा आकडा जाहिरातीत सांगायचा, मर्यादा संपत आली की ग्राहकाला कळवायचं, आणि संपल्यावरही वेग ५१२ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, असं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१६ सालीच बजावलंय. पण कंपनी बदलायची सोय नसेल तर तो आकडा वाचून माणूस करणार काय?

तुम्ही ठाण्यात नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहता असं लिहिलंय. तुमच्याकडे किती कंपन्यांना वायर ओढू देतात, आणि हे ठरवलं कोणी, तेवढं जरूर कळवा.