बिनचेहऱ्याचा चेस्टर

जुन्या अमेरिकन नभोनाट्यांच्या चाहत्यांमध्ये ‘गनस्मोक’चा विषय निघाला की विल्यम कॉनरॅडवर झालेल्या अन्यायाची आठवण हमखास निघते. एप्रिल १९५२ मध्ये सीबीएस रेडिओवर ही मालिका सुरू झाली, तेव्हा डॉज सिटी या गावात कायदा राखणारा अधिकारी, मार्शल मॅट डिलन, कॉनरॅडच्या भरदार आवाजातून उभा राहिला. १९५५ मध्ये मालिका दूरचित्रवाणीवर गेली, तेव्हा मात्र त्याची स्थूल देहयष्टी आड आली आणि भूमिका उंचापुऱ्या जेम्स आर्नेसकडे गेली. ही हळहळ रास्त आहे. तरीही कॉनरॅडला पुढे १९७१ मध्ये ‘कॅनन’ ही स्वतःची मालिका मिळाली आणि त्याचे नाव लोकांच्या लक्षात राहिले. माझ्या मते त्या स्थित्यंतरात अधिक मोलाचे काही हरवले असेल, तर ते मार्शलच्या सोबत्याचे, चेस्टरचे काम. म्हणजेच पार्ली बेअर या नटाचे काम.

बेअरचा जन्म १९१४ मध्ये सॉल्ट लेक सिटीत झाला. रेडिओवर नाव होण्याआधी तो सर्कशीत रिंगमास्टर होता आणि त्याची पत्नी अर्नेस्टिन क्लार्क ही सर्कशीतलीच कलावंत होती. तंबूतल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणारा हा माणूस ध्वनिक्षेपकापासून वीतभर अंतरावर इतके हळुवार, इतके घरगुती कसे बोलू शकला, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते.

चेस्टर हे पात्र तर जवळजवळ नावाशिवायच जन्माला आले. सुरुवातीच्या संहितेत त्याच्यापुढे केवळ ‘गावकरी’ अशा अर्थाचा शब्द होता. पुढे त्याला चेस्टर हे नाव मिळाले, आणि ‘प्राउडफूट’ हे आडनाव बेअरने तालमीत उत्स्फूर्तपणे जोडले. नट बोलून गेला ते पात्राच्या कायमचे पदरी पडले. संहितेवर नटांचा इतका हक्क चालावा, अशी मोकळीक त्या चमूत होती. डॉक्टर अॅडम्सची भूमिका करणारा हॉवर्ड मॅकनियर आणि किटी या पात्राला आवाज देणारी जॉर्जिया एलिस हेही त्याच चमूतले. निर्माता-दिग्दर्शक नॉर्मन मॅकडॉनल आणि लेखक जॉन मेस्टन यांनी शांततेला घाबरायचे नाही, असे जणू ठरवूनच टाकले होते: लाकडी फळ्यांवरचे बूट, घोडेस्वाराच्या टाचांवरच्या स्पर्सची किणकिण, दार लागल्याचा आवाज आणि मग बराच वेळ काहीच नाही.

या ‘काहीच नाही’मध्ये बेअर कसा वावरतो, ते लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. चेस्टरच्या वाट्याला अनेकदा ‘हो, मिस्टर डिलन’ एवढेच येते. ते तीन शब्द कधी आज्ञाधारक असतात, कधी त्यांत कुतूहल असते, आणि एखादे प्रेत पाहून आल्यावर ते इतके थकलेले निघतात की मार्शल काय पाहून आला, हे वेगळे सांगावे लागत नाही. नायकाच्या मनातले नायकाने बोलून दाखवायचे नसेल, तर ते समोरच्याच्या आवाजात उमटावे लागते. रेडिओवरच्या चरित्र अभिनेत्याचे खरे काम हेच असते, असे मी मानतो. ऐकताना आपण त्याची दखल घेत नाही. म्हणूनच त्याचे श्रेय नेहमी दुसऱ्याच्या खात्यात जमा होते.

दूरचित्रवाणीवर डेनिस वीव्हरने चेस्टर केला. त्याला ताठ पाय देऊन लंगडत चालवले आणि १९५९ मध्ये त्या भूमिकेसाठी एमी पुरस्कारही मिळवला. वीव्हर गुणी नट होता, याबद्दल वाद नाही. पण पडद्यावरच्या सोबत्याकडे कोणी पाहावे म्हणून त्याला एक खूण लागली, हे मला बोलके वाटते. रेडिओवर तो लंगडा असता तर ते काम ध्वनिपरिणाम करणाऱ्यांकडे गेले असते. बेअरला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

विशेष म्हणजे पडद्यावरची मालिका लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाही रेडिओवरची मूळ मंडळी जून १९६१ पर्यंत आपले काम करत राहिली. देशाला चेस्टरचा एक चेहरा ठाऊक झालेला असताना, दर आठवड्याला दुसराच चेस्टर निव्वळ आवाजातून उभा करायचा, याला केवढी चिकाटी लागली असेल! पुढच्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९६२ रोजी, सीबीएस रेडिओवरच्या ‘सस्पेन्स’ आणि ‘युवर्स ट्रुली, जॉनी डॉलर’ या मालिकाही संपल्या आणि नभोनाट्यांचे ते युग मिटले.

बेअर उपाशी राहिला नाही. लहानसहान भूमिका त्याने पुढेही केल्या आणि कीब्लर बिस्किटांच्या जाहिरातींतल्या बुटक्या अर्नीला अनेक वर्षे आवाजही दिला. २००२ मध्ये तो गेला. ‘अँडी ग्रिफिथ शो’ या दूरचित्रवाणी मालिकेत मेबेरी गावाचा कुरकुऱ्या महापौर स्टोनर म्हणजे बेअर, आणि त्याच गावचा न्हावी फ्लॉइड म्हणजे मॅकनियर. डॉज सिटीतले हे दोघे असे पुन्हा एका गावात राहायला आले. ते भाग बघताना मी अधूनमधून डोळे मिटून घेतो. घरच्यांना वाटते, मला डुलकी लागली.