भ्रूणाची जनुकीय तपासणी म्हणजे लिंगनिदान नव्हे

भाऊ, आईच्या स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कॅन्सरमागं बीआरसीए या जनुकाचा आनुवंशिक दोष असेल, तर तो बाळात जाऊ नये म्हणून आयव्हीएफनं शरीराबाहेर तयार केलेले भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी तपासता येतात, असं लेखात होतं. बीड जिल्ह्यात अशा भ्रूणतपासणीची माहिती देणं म्हणजे लिंगनिदानाला मागच्या दारानं वाट करून देणं, असं तुमचं म्हणणं. शिवाय विचारलंय, की आईला कॅन्सर झाला म्हणून लेकीनं आई होऊच नये का?

पहिली भीती खोटी नाही. २०११च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली फक्त ८०७ होत्या. पण लिंगनिदानबंदीचा पीसीपीएनडीटी कायदा आयव्हीएफ सेंटरलाही लागू आहे. भ्रूणतपासणी नोंदणीकृत केंद्रातच आणि आनुवंशिक आजारासाठीच करता येते. लिंग सांगणं गुन्हा. आणि मुलगा निवडून बीआरसीएचा दोष टळतच नाही. मुलगा असो की मुलगी, दोष जायची शक्यता ५० टक्केच, आणि मुलगा तो पुढं आपल्या लेकीला देऊ शकतो. म्हणून आई-मावशीसारखाच आत्याचा कॅन्सरही मोजायचा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: खुशाल व्हावं. तपासणीचा क्रम लेखात होता तोच. आधी जिला कॅन्सर झाला तिचीच रक्ततपासणी. ती सोडून धडधाकट लेकीची केली आणि निगेटिव्ह आली, तर दोष तिच्यात आलाच नाही की त्या चाचणीत सापडण्यासारखा नव्हता, हे कळत नाही. रिपोर्टवर ‘व्हीयूएस’, म्हणजे अर्थ न लागलेला बदल असेल, तर त्यावरून भ्रूण निवडायचे नाहीत.

लेकीत दोष निघाला तर वयाचा हिशोब येतो. बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४०, बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ या वयात, मुलं झाल्यावर, बीजांडकोश आणि नलिका काढायचा सल्ला देतात. नैसर्गिक गर्भधारणाही रास्तच. भ्रूणतपासणी हवी असेल तर १०-१२ दिवस इंजेक्शनं, मग स्त्रीबीजं काढून इक्सीनं, म्हणजे बीजात एकच शुक्राणू टोचून, फलन (चिकटून राहिलेल्या जादा शुक्राणूंमुळे तपासणी चुकते म्हणून), पाचव्या-सहाव्या दिवशी बाहेरच्या थरातल्या काही पेशी तपासणीला आणि भ्रूण गोठवायला. त्याआधी त्या कुटुंबापुरती चाचणी बसवायला काही आठवडे जातात. गळती मोठी: समजा १० बीजं निघाली, तर तीन-चार भ्रूण टिकतील, त्यातले साधारण निम्मे दोषाचे, उरलेला रुजेलच असंही नाही.

लेकीलाच स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर बीजं गोठवायचं केमोआधी विचारायचं. दोनेक आठवडे पुरतात. सोबत लेट्रोझोल हे औषध देऊन इस्ट्रोजेन खाली ठेवतात. होतं असं, की पहिला डोस गेल्यावर कोणाला तरी आठवतं.

आणि लेकीचं लग्न नात्यातच, मामा-आत्याच्या घरात, झालं असेल तर नवऱ्याचीही तपासणी आधी. दोघांतही बीआरसीए-२ चा दोष असेल, तर बाळाला दोन्ही प्रती सदोष मिळायची शक्यता २५ टक्के. त्यातून फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा गंभीर आजार होतो.

मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे. देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट काढताना आईचंही काढा, बायोप्सीचा रिपोर्ट बरोबर ठेवा. भ्रूणाची चाचणी बसवायलाही बहुधा तिचं रक्त लागतं.