"चार रिपोर्ट वाचून कोणी डॉक्टर होत नाही" म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण तेव्हाच उत्तर लिहायला बसलो असतो तर भलतंच काहीतरी टाइप झालं असतं, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर हार्मोनची इंजेक्शनं चालू झाली की पीएसएबरोबर (ही या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) लिपिड प्रोफाइलही, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणीही करत राहा, एवढंच मी लिहिलं होतं. तुम्ही त्यावर तीन-चार मुद्दे काढलेत, पण सुरुवात कशाने? तर "चार रिपोर्ट वाचून कोणी डॉक्टर होत नाही."

नाहीच होत. मी कधी म्हणालो? पण ते चार नव्हते हो. बाबांना दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉन बंद पाडणारं हेच हार्मोनचं इंजेक्शन, असं साडेतीन वर्षं चाललं, आणि दरवेळी पीएसए खाली आला की घरातले सगळे खूश, रिपोर्टचं दुसरं पान कोणी उलटायचंच नाही. मी उलटायचो. ट्रायग्लिसराइडचे, म्हणजे रक्तातल्या एका चरबीचे आकडे फाइलच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एकाखाली एक लिहून ठेवलेत, अजून आहेत. काट्यावर वजन जेमतेम वाढलेलं, पण बाबांच्या पट्ट्याला खिळा तापवून नवीन भोक मी पाडलंय आणि दंड मात्र सुकत चाललेले. तुम्ही कोणाच्या पट्ट्याला भोक पाडलंय का कधी?

आणि हे फक्त माझ्या बापाचं नाही. 2002 साली छापून आलेल्या अभ्यासात 48 आठवडे ल्युप्रोलाइड घेतलेल्या पुरुषांचं एकूण कोलेस्टेरॉल 9 टक्के वाढलं, ट्रायग्लिसराइड 26 टक्क्यांच्या वर. टेस्टोस्टेरॉन गेलं की स्नायू घटतो, चरबी वाढते, इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, मग लिव्हर रक्तात चरबी सोडत राहतं. हे समजायला एमबीबीएस लागत नाही.

एचडीएलचं तुमचं बरोबर. 'चांगलं कोलेस्टेरॉल घटतं' असं मी लिहिलं होतं ते चूक, या इंजेक्शनांनी तेही वाढतं, त्याच अभ्यासात 11 टक्के. दुरुस्त केलंय. झालं समाधान?

ट्रायल्समध्ये हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत हा तुमचा मुद्दा, असू दे, त्यात आत्ता शिरत नाही. पण मग अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2010 मध्ये याच औषधांच्या लेबलवर मधुमेह आणि हृदयविकाराची सूचना काय गंमत म्हणून टाकायला लावली?

आणि शेवटी जाता जाता कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांबद्दल "स्टॅटिन कुठलंही घ्या, सगळी सारखीच" हे जे ठोकून दिलंत, ते तेवढं कृपा करून काढून टाका. एन्झाल्युटामाइड ही प्रोस्टेट कॅन्सरचीच दुसरी गोळी चालू असेल तर लिव्हरमधलं औषधं मोडणारं एक एन्झाइम जोरात काम करायला लागतं आणि सिम्व्हास्टॅटिन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन रक्तात कमी उरू शकतं. बाबांची गोळी त्यामुळेच बदलली, डॉक्टरांनीच बदलली, मी फक्त विचारलं होतं.

पुढच्या वेळी 'अनामिक' नको, नावानिशी लिहा. उत्तर देईन. बहुतेक.