‘उबदार नारिंगी’ म्हणजे नेमका कोणता? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘एखादी भिंत उबदार नारिंगी करा’ असे सुचवणारा माझा लेख वाचून आपण दिवाळीपूर्वी हॉलच्या तीन भिंती नारिंगी करून घेतल्या. दोन हातांत होईल असे रंगाऱ्याने सांगितलेले काम चार हातांवर गेले, आणि आता संध्याकाळी दिवे लावले की ती खोली उबदार वाटण्याऐवजी मळकट, कोंदट आणि डोळ्यांना त्रासदायक वाटते, असे आपण लिहिले आहे. आपल्याकडच्या उष्ण हवेत नारिंगी हा घराच्या आत लावण्याचा रंगच नाही, पांढराच बरा, हा आपला निष्कर्ष आहे. पैसे वाया गेल्याचा आपला राग रास्त आहे. माझ्या लेखात महत्त्वाच्या गोष्टी राहून गेल्या होत्या, त्या आधी सांगते. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही आणि त्याची कारणेही ओघात येतील.

माझा स्वतःचा हॉल पश्चिमेकडे उघडतो आणि समोर मोकळे मैदान आहे. दुपारी चारनंतर तिरपे, पिवळसर ऊन थेट भिंतीवर येते आणि त्या उन्हात ती भिंत जशी दिसते तशीच मी ती लेखात वर्णन केली. आपल्या हॉलसमोर दुसरी इमारत आहे आणि थेट ऊन येतच नाही, हे आपण लिहिल्यावर मला माझी चूक कळली. आपल्या खोलीत येणारा उजेड समोरच्या करड्या भिंतीवरून परतून आलेला, थंड आणि अपुरा आहे. शिवाय उजेड कमी होत गेला की आपल्या डोळ्यांना तांबड्या-नारिंगी छटा निळ्या छटांच्या आधी काळवंडलेल्या दिसू लागतात. म्हणून अशा खोलीत तिन्हीसांजेला नारिंगी भिंत सर्वांत आधी विझते. खोलीची दिशा विचारल्याशिवाय हा रंग सुचवायला नको होता.

दुसरी गोष्ट दिव्यांची. आपण पांढऱ्या एलईडी ट्यूब लावल्या आहेत, म्हणजे ज्यांच्या खोक्यावर ‘कूल डेलाइट’ आणि ६५०० केल्विन असे छापलेले असते त्या असाव्यात. केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप: आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर; जितका लहान, तितका पिवळसर. नारिंगी भिंत प्रकाशातला निळा भाग गिळते आणि पिवळा-तांबडा भाग परत देते. या ट्यूबांच्या प्रकाशात निळा भाग भरपूर आणि गडद तांबडा भाग तुटपुंजा असतो, त्यामुळे भिंतीकडे परत देण्यासारखे फारसे उरत नाही आणि तीच भिंत मळकट दिसते. पुन्हा रंगाऱ्याला बोलावण्याआधी एक खर्च करून पाहा अशी माझी विनंती आहे. हॉलमधले दिवे २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे ‘वॉर्म व्हाइट’, आणून लावा. खोक्यावर सीआरआयचा आकडा दिला असेल तर ९० किंवा त्याहून अधिकचा निवडा. हा आकडा त्या दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात ते सांगतो. भिंतीला हात न लावता खोलीत किती फरक पडतो ते आपल्याला पहिल्याच संध्याकाळी दिसेल.

तिसरी चूक शब्दाची आहे आणि ती मला सर्वांत जास्त लागली. मी ‘उबदार नारिंगी’ असे लिहिले, जणू तो एकच रंग आहे. आपल्या भाषेत या एका पट्ट्याला किती नावे आहेत: शेंदरी, केशरी, भगवा, अबोली, विटकरी, गेरूचा, झेंडूचा, पळसाच्या फुलाचा. आपल्या आजीला कोणी ‘हॉलला शेंदरी लावू का’ असे विचारले असते तर तिने चटकन नको म्हटले असते, आणि ‘गेरूसारखा लावू का’ असे विचारले असते तर कदाचित हरकत घेतली नसती. आपण पाठवलेल्या छायाचित्रावरून आपला रंग शेंदरी आणि झेंडू यांच्या मधला दिसतो. माझ्या मनात होता तो गेरूत थोडी पिवडी, म्हणजे पिवळी माती, मिसळल्यासारखा, मातीकडे झुकणारा. शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनात हे दोन्ही शेजारी-शेजारी सारखेच मोहक दिसतात, भिंतीवर मात्र त्यांचा स्वभाव पूर्ण वेगळा असतो.

त्यातही आपण तीन भिंती रंगवल्या. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला साधारण ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकते. भरगच्च नारिंगी त्याच्या निम्म्याच्या आसपासच फेकते, आणि तोही नारिंगी होऊनच निघतो. तो समोरच्या नारिंगी भिंतीवर पडला की आणखी गडद होऊन परततो. छत आणि चकचकीत फरशीसुद्धा तोच रंग उचलतात, माणसांच्या चेहऱ्यांवरही तो येतो. आपल्याला वाटणारा कोंदटपणा इथून आलेला आहे. मी लेखात ‘एखादी भिंत’ असे मोघम लिहिले होते. खिडकीला लागून काटकोनात असलेली, म्हणजे जिच्यावर उजेड घासून जातो ती एकच भिंत, असे स्पष्ट लिहायला हवे होते.

चार हातांबद्दल आपल्या रंगाऱ्याला दोष देऊ नका. दुकानातल्या यंत्रावर छटा तयार करताना फिकट रंगांसाठी पांढरा बेस, म्हणजे छटा मिसळण्याआधीचा मूळ रंग, घेतात. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य भरपूर असते आणि खालचा रंग झाकण्याचे काम मुख्यतः तेच करते. भडक नारिंगीसाठी जवळजवळ पारदर्शक बेस घ्यावा लागतो, नाहीतर रंग गुलाबीसर फिका पडतो. मग खालची पांढरी पुट्टी डोकावत राहते आणि हातावर हात चढत जातात. आधी फिकट पीच छटेचा एक हात दिला असता तर बहुधा दोन हातांत काम भागले असते. मातकट नारिंगीत ही अडचण फारशी येत नाही, कारण लोहाची रंगद्रव्ये स्वतःच चांगली झाकतात आणि उन्हाने विटतही नाहीत. गेरू आणि पिवडी ही दोन्ही मुळात लोहाची खनिजे आहेत. पिवडी भाजली की तिच्यातले पाणी निघून जाते आणि ती गेरूसारखी तांबडी होते. पिवडीला पिवळेपणा देणाऱ्या खनिजाला गोएथाइट म्हणतात. ज्या जर्मन कवी गोएथेने १८१० साली रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला त्याच्यावरूनच ते नाव पडले आहे, आणि रंगांचे बोलणे निघाले की मला ते नेहमी आठवते.

आता उष्णतेबद्दल. बाहेरच्या भिंतींच्या आणि गच्चीच्या बाबतीत आपले म्हणणे योग्य आहे: थेट ऊन सोसणारा पृष्ठभाग जितका गडद, तितका तो जास्त तापतो, म्हणून गच्चीला पांढरा लेप देणे शहाणपणाचे. आतल्या भिंतीवर मात्र ऊन फारसे पडत नाही, आणि भिंतीच्या साध्या रंगांची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता, रंग पांढरा असो वा नारिंगी, जवळजवळ सारखीच असते. आपल्याला खोली गरम ‘वाटते’ हे मी नाकारत नाही, फक्त ते भिंतीच्या तापमानामुळे नाही. पालघर जिल्ह्यातली वारली घरे पाहा. कारवीच्या कुडावर माती आणि शेण लिंपलेले असते, त्यावर गेरूचा हात आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी चित्रे. तिथला उन्हाळा काही सौम्य नसतो. त्या भिंतींना चमक नाही, रंग मातीचाच आहे आणि पांढऱ्या रेघांमुळे डोळ्याला विसावा मिळतो. आपल्याकडच्या घरात हा रंग परका आहे, हे म्हणूनच मला पटत नाही.

आपल्या सोफ्याचे गडद निळे आवरण मात्र बदलून पाहा. निळा आणि नारिंगी शेजारी आले की दोघेही एकमेकांना भडक करतात. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यातल्या रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाने हा परिणाम १८३९ साली सविस्तर मांडला होता. कोरे मांजरपाट, काळी-करडी घोंगडी, सागवान, तांब्या-पितळेची भांडी आणि कुंडीतली हिरवी पाने यांच्याजवळ हाच रंग बराच शांत होतो.

दिवे आणि आवरण बदलूनही खोली पटली नाही, तर भिंत खरवडू नका. रंग धरून बसला असेल आणि ओल किंवा पोपडे नसतील तर हलके घासून, धूळ पुसून, पांढऱ्या प्रायमरचा एक हात द्या आणि दोन भिंती ऑफ-व्हाइट रंगाच्या करा. तिसरीसाठी दोन फूट बाय दोन फुटांच्या प्लायवर गेरू-पिवडीकडची छटा दोन हात देऊन घ्या आणि तो तुकडा त्याच भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली पाहा. फिनिश मॅट घ्या. चकाकणाऱ्या रंगात नारिंगी अधिक अंगावर येतो.

खिडक्यांच्या चौकटींवरचा जुना नारिंगी ऑइलपेंटही घासून काढू का, असे आपण विचारले आहे. त्याला माझे उत्तर ठामपणे ‘कोरडा घासू नका’ असे आहे. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल ऑइलपेंटमध्ये शिशाची रंगद्रव्ये सर्रास वापरली जात. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) अधिक असू नये हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला आणि आपल्या चौकटी त्याच्या आधीच्या आहेत. कोरडे घासले की ती धूळ घरभर बसते आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वांत जास्त असतो. आपल्या घरात तीन वर्षांचे मूल आहे. पोपडे धरले नसतील तर तसेच ठेवून वरून रंग द्या. काढणे भागच असेल तर पाण्याने भिजवून पॉलिश पेपर वापरा, मुलाला त्या दिवशी दुसरीकडे ठेवा आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

मूळ लेखातले ‘एखादी भिंत उबदार नारिंगी करा’ हे वाक्य मी आज काढले आहे. त्या जागी खोलीची दिशा, दिव्यांचा प्रकार आणि छटेचे नेमके नाव हे तीन प्रश्न घातले आहेत. दिवे बदलल्यावर त्याच भिंतीचे संध्याकाळचे छायाचित्र पाठवलेत तर पुढचे पाऊल आपण मिळून ठरवू.