वाक्याकडे न पाहता वाक्यरचनेचे रसग्रहण कसे करावे

लेखकाची वाक्यरचना त्याच्या अर्थाला आणि हेतूला कशी पूरक ठरते, असा प्रश्न आपल्यापुढे आलाच, तर सर्वप्रथम घाबरू नये आणि त्यानंतर उतारा वाचू नये. उतारा वाचल्याने वेळ जातो, क्वचित अर्थही कळतो, आणि अर्थ कळला की उत्तरपत्रिकेत काय लिहावे ते सुचेनासे होते. माझी भाची यंदा दहावीला आहे. तिच्याकडे म्हापशाच्या एका शिकवणीतून आलेली झेरॉक्स आहे आणि तिच्यात या प्रश्नाचा निकाल दोन ओळींत लावलेला आहे: वाक्ये लहान असतील तर ‘निवेदनाला गती प्राप्त झाली आहे’ आणि लांब असतील तर ‘निवेदनाला संथ लय लाभली आहे’. मध्यम वाक्यांबाबत झेरॉक्स मौन पाळते. तेथे आपण ‘ओघवती शैली’ म्हणावे. आमच्या स्वयंपाकात खोबऱ्याला जे स्थान आहे तेच मराठी रसग्रहणात या शब्दाला आहे, त्यामुळे तो कशातही घातला तरी कोणी नाव ठेवत नाही.

सरावासाठी घरचेच उदाहरण घेऊ. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापून निघाले. त्यातली ही ओवी आपण भाषणांतून शेकडो वेळा ऐकलेली आहे:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा
कि रत्नांमाजी हिरा निळा
तैसी भासांमाजी चोखळा
भासा मराठी

हिच्याखाली ‘कवीने मराठीचा गौरव केला आहे’ असे लिहावे आणि पेनाला टोपण लावावे. पहिल्याच चरणातल्या ‘जैसी’ने एक उधारी करून ठेवली आहे आणि ती फिटण्यासाठी श्रोत्याला तिसऱ्या चरणातल्या ‘तैसी’पर्यंत थांबावे लागते, हे लक्षात आले तरी लक्षात आल्याचे दाखवू नये. किळा, निळा, चोखळा अशी तीन यमके कानात एकावर एक रचली जातात, आणि चौथा चरण तोकडा व यमकाविना येतो. आधी खडे, मग रत्ने, मग हिरा दाखवून झाल्यावर भाषेचे नाव त्या मोकळ्या जागेत एकटे उभे राहते. संपूर्ण वाक्यात क्रियापद नाही. ‘आहे’ म्हणण्याचीही गरज त्या माणसाला वाटली नाही. पुढच्या ओव्यांत मोगरी, कस्तुरी, मयूर, कल्पतरू यांची रांग लागते, पण भाषेचे नाव दर वेळी शेवटच्या चरणासाठीच राखलेले असते. पुराण कानाने ऐकण्याची सवय असलेल्या लोकांना परक्या देशातून आलेल्या धर्मोपदेशकाने आपली कथा ऐकवायची, तर आधी त्यांच्या कानाची ओळख पटवायला हवी, हा हेतू या रचनेत उघड दिसतो. आपण मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. (याच गृहस्थांनी कोंकणीचे व्याकरणही लिहिले होते, ते त्यांच्या निधनानंतर १६४० साली छापले गेले. वाक्य कसे बांधतात याची त्यांना थोडीफार कल्पना असावी.)

एक प्रयोग तर कटाक्षाने टाळावा, तो म्हणजे शब्दांची जागा बदलून पाहण्याचा. ‘मराठी भाषा ही खड्यांमधील रत्नासारखी शुद्ध आहे’ असे वाक्य करून पाहिले, तर ओवीतले काय गेले ते क्षणात कळते, कारण उरलेले वाक्य हुबेहूब प्रमुख पाहुण्यांच्या भाषणातले वाटते. घरातही हा खेळ खेळू नये. ‘शेवटचा मानकुराद आंबा मी खाल्ला’ ही कबुली असते, ‘मी खाल्ला शेवटचा मानकुराद’ हे आव्हान असते, आणि ‘शेवटचा मानकुराद खाल्ला गेला’ असे म्हणणारा मनुष्य पुढे सरकारी नोकरीत उत्तम नाव काढतो.

येथे मला धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. वाक्यरचनेकडे पाहण्याची सवय एकदा लागली की ती पाठ्यपुस्तकात थांबत नाही. आमच्या वाड्यावरचा रस्ता मे महिन्यात खणला गेला, मृगाच्या सरी आल्यावर त्या खड्ड्यात बेडूक राहायला आले, आणि नंतर तेथल्या विजेच्या खांबावर एक कागद लागला: ‘सदर रस्त्याचे खोदकाम हाती घेण्यात आले असून, तांत्रिक कारणास्तव ते पूर्ण होण्यास विलंब होत असल्याने वाहतूक पर्यायी मार्गाने वळविण्यात आली आहे, तरी नागरिकांनी सहकार्य करावे.’ शिकवणीच्या नियमानुसार ही संथ लय झाली. भाचीने मात्र या वाक्यातला कर्ता शोधायला घेतला. खोदकाम ‘घेण्यात आले’, विलंब आपणहून ‘होत’ आहे, वाहतूक ‘वळविण्यात आली’, आणि एवढ्या लांबलचक वाक्यात काही करणारा म्हणून ज्यांच्या अंगाला ‘नी’ प्रत्यय चिकटला आहे ते फक्त नागरिक. ‘असून’ आणि ‘असल्याने’ यांनी सगळे काम वाटेतल्या वाटेत उरकले आहे आणि ‘तरी’ या दोन अक्षरांनी उरलेला भार आमच्या डोक्यावर ठेवला आहे. ‘मामा, रस्तो खणलो कोणें?’ असे तिने विचारले, तेव्हा मला जाणवले की घरातली कोंकणी ज्याचे नाव पहिल्या फटक्यात मागते, तेच नाव लपविण्यासाठी आमच्याकडे शुद्ध मराठी ठेवलेली आहे. ज्याने तो कागद लिहिला त्याच्याइतका अर्थ, हेतू आणि रचना यांचा मेळ जमलेला गद्यलेखक आसपास कोणी नसावा. मी त्याचे अभिनंदन करावे म्हणून खाली सही शोधली, तर तेथे ‘आदेशावरून’ एवढेच होते.

मी तिला समजावले की असले प्रश्न परीक्षेत येत नाहीत. पण शाळेने ‘आवडलेल्या उताऱ्यातील वाक्यरचनेचे रसग्रहण’ असा प्रकल्प दिला होता, आणि तिने खांबावरचा कागद मोबाइलवर टिपून घेतला, कर्त्यांची रिकामी जागा तांबड्या पेनाने दाखवली, शेजारी ती ओवी ठेवली आणि एकात नाव शेवटी का येते व दुसऱ्यात ते मुळीच का येत नाही, यावर तीन पाने लिहिली. वही गेल्या आठवड्यात परत आली. शेवटच्या पानावर सुवाच्य अक्षरात शेरा होता: ‘अभ्यासक्रमाबाहेरील उतारा घेण्यात आल्याने चार गुण कमी करण्यात आले आहेत, तरी विद्यार्थिनीने नोंद घ्यावी.’