उत्पन्न आठ लाखांच्या आत, शिल्लक अकरा हजार युरोंच्या वर

ग्लोबल स्टडीज, म्हणजे देशांच्या सीमा ओलांडून सगळ्या जगाचा अभ्यास, शिकायला परदेशी निघालेल्या पोराला एकाच आर्थिक वर्षात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आपल्या सरकारपुढं: आमच्या घरात वर्षाला आठ लाखांच्या वर येत नाहीत हो. जर्मन वकिलातीपुढं: माझ्या नावावर 11,904 युरो नुसते पडून आहेत. दोन्ही कागद खरे, दोन्हींवर शिक्के, आणि दोन्ही एकाच प्लास्टिकच्या फायलीत गुण्यागोविंदानं नांदत असतात.

हा 11,904 चा आकडा म्हणजे महिन्याला 992 युरो गुणिले बारा. तेवढे पैसे एका बंद खात्यात टाकायचे आणि तिकडं गेल्यावर दरमहा आपलेच पैसे आपल्याला हप्त्यानं परत घ्यायचे. रुपयांत ही रक्कम दहा लाखांच्या पुढं जाते. शिष्यवृत्ती मिळाली तर तिचं पत्र दाखवून यातून सुटका होते. म्हणजे ज्याला पैसे मिळाले त्याला पैसे दाखवायला लागत नाहीत, आणि ज्याला मिळाले नाहीत त्यानं मात्र दाखवायचे. जगाचा अभ्यास करायला निघालेल्याला जगाची पहिली ओळख इथंच होते.

आता कुणी म्हणेल, कोल्हापुरात बसून हा उद्योग कशाला? तर या गावाला ही सवय जुनी आहे. दसरा चौकात उभं राहिलं की चारी बाजूंना बोर्डिंगंच बोर्डिंगं; 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि शाहू महाराजांनी जातीजातीच्या पोरांना शिकायला छप्पर दिलं. 1920 मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा त्यांच्या मदतीला महाराज होते. त्याआधी 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबियासाठी महिना साडेअकरा पौंड दिले होते. आणि जे. एन. टाटा एन्डाउमेंट 1892 मध्ये सुरू झालं, तेव्हा पहिल्या दोन मानकरी बायका होत्या: फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर. टाटांची ती रक्कम आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती म्हणून मिळते, फेडायची असते. अर्ज भरताना ‘शिष्यवृत्ती’ एवढंच वाचून पुढचं ‘कर्जाऊ’ न वाचणाऱ्यांची संख्या काही कमी नाही.

या सगळ्या भानगडीचं मर्म असं, की पैसे तुमच्या विषयाला कुणी देत नाही. प्रत्येक दात्याच्या डोक्यात एक ठरलेला माणूस असतो. तो तुम्ही आहात एवढं दाखवायचं. खासबागेत कुस्तीआधी वजन होतं, तसं इथं पात्रतेचं. निम्मी पोरं काट्यावरच बाद होतात, लाल मातीला पाय लागत नाही, आणि घरी येऊन सांगतात की निबंध जमला नाही.

अमेरिकेला नेणाऱ्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीचं बघा. मास्टर्ससाठी पदवी चार वर्षांची लागते. आपलं बी.ए. तीन वर्षांचं असेल, तर वर एम.ए. किंवा पूर्णवेळ पदव्युत्तर डिप्लोमा पूर्ण केलेला हवा. गुण 55 टक्के, आणि तीन वर्षं पूर्णवेळ नोकरीचा अनुभव. विषयांची यादीही ठरलेली असते. ‘ग्लोबल स्टडीज’ अशी पाटी तिथं शोधत बसू नये. त्या वर्षीच्या यादीत सार्वजनिक प्रशासन, पर्यावरण, स्त्री अभ्यास असलं काही असेल तर त्याच्या दारातून आत शिरावं. शिवाय तिच्या जे-1 या देवाणघेवाणीच्या व्हिसाबरोबर दोन वर्षांची अट येते: शिकून झालं की दोन वर्षं मायदेशी राहायचं, त्याशिवाय तिकडं नोकरीचा एच व्हिसा किंवा ग्रीन कार्ड नाही. म्हणून फुलब्राइटला परत येणारा माणूस हवा. अर्जात ‘मला अमेरिकेत स्थायिक व्हायचं आहे’ असं लिहिणारा प्रामाणिक असतो, एवढंच.

ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला पुढारी हवा. आमच्याकडं पुढाऱ्यांची टंचाई नाही, गल्लीतल्या प्रत्येक फलकावर आठ-आठ सापडतात. पण गणेश मंडळाचं उपाध्यक्षपद तिथं नुसतं चालत नाही. वर्गणी किती जमली, डॉल्बीचा खर्च कापून किती वाचवले, त्याचं पुढं काय केलं आणि त्यात तुम्ही स्वतः काय केलं, हे सांगितलं तर ते नेतृत्व. ‘आम्ही सर्वांनी मिळून’ म्हणालात की मामला खलास, कारण वाचणाऱ्याला ‘मी’ हवा असतो, आणि ‘मी मी’ करू नकोस हे तर आपल्याला लहानपणी चोप देऊन शिकवलेलं. अनुभव 2,800 तासांचा लागतो. आठवड्याला 35 तास धरले तर ऐंशी आठवडे होतात. अर्धवेळ काम, इंटर्नशिप, स्वयंसेवा सगळं मोजलं जातं, पण तारखांसकट. तीन अभ्यासक्रम निवडायचे असतात. पोरं तिन्ही वेगवेगळ्या दिशांचे निवडतात: एक विकास अभ्यास, एक सायबर सुरक्षा, एक संग्रहालयशास्त्र. मग करिअरच्या निबंधात या तिघांची मोट बांधताना घाम फुटतो. तिन्ही एकाच जातकुळीचे घ्यावेत. इथंही शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी परत यायचंच आहे.

इरास्मस मुंडस, म्हणजे युरोपीय संघाच्या पैशावर चालणारे संयुक्त मास्टर्स, हे या विषयाचं खरं घर. लाइपझिग विद्यापीठाच्या पुढाकारानं ग्लोबल स्टडीजचा दोन वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम चालतो. व्हिएन्ना, व्रोत्सवाफ, रॉस्किल्ड, गेंट ही त्यातली नावं. दोन वर्षांत दोन देश. शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि महिन्याला 1,400 युरो, जास्तीत जास्त 24 महिने. त्यातच विमानाचं तिकीट, व्हिसा, घरभाडं, सगळं आलं. अर्ज थेट त्या अभ्यासक्रमाकडं करायचा असतो. एकच मोठी खिडकी शोधत बसलेला माणूस जानेवारी संपेपर्यंत शोधतच राहतो. आणि एक नियम माहितीपत्रकाच्या पोटात लपलेला असतो: एका प्रकल्पाच्या एकूण शिष्यवृत्त्यांपैकी एकाच देशाच्या नागरिकांना दहा टक्क्यांहून जास्त देता येत नाहीत. म्हणजे तुमची खरी गाठ ब्राझीलच्या पोराशी नसते. ती पुण्याच्या आणि दिल्लीच्या पोरांशी असते. जगात कुठंही जा, पुणेकर आडवा येतोच.

फ्रायबुर्गच्या ग्लोबल स्टडीज प्रोग्रॅमची गंमत और आहे. त्याच्या भागीदारांत केपटाउन, ब्वेनोस आयरिस यांच्याबरोबर दिल्लीचं जेएनयूही राहिलेलं आहे. कोल्हापूरहून जर्मनीला जायचं आणि एक सत्र शिकायला दिल्लीला यायचं, ही सोय फक्त याच विषयात. (घरच्यांना हे सांगू नये. ‘मग निजामुद्दीनचं तिकीट काढलं असतं की’ असं ऐकावं लागतं.)

जर्मनीसाठी आणखी एक गणित आहे. तिकडं 1 म्हणजे उत्तम आणि 4 म्हणजे काठावर पास. आपले टक्के तिकडं बसवायला सूत्र असं: शंभरातून आपले गुण वजा करा, तीननं गुणा, शंभर वजा पासिंग यानं भागा, वर एक मिळवा. पासिंग 40 असेल आणि गुण 65 टक्के, तर उत्तर येतं 2.75. 70 टक्क्यांना बरोबर 2.5. पुष्कळ ठिकाणी 2.5 ही अट असते. ‘आमच्या विद्यापीठात पहिला वर्ग आहे’ हे सांगून उपयोग नसतो, सूत्राला वर्ग कळत नाही. हे गणित अर्ज भरण्याआधी करावं, नंतर केलं तर ते फक्त दुःखाचं मोजमाप होतं. शिवाय आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं. ते भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं झालं, शुल्क 18,000 रुपये. ते वेळ खातं, म्हणून पहिलं काम तेच.

सरकारी योजनांत केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. जागा 125, त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी, उरलेल्या भटक्या-विमुक्तांसाठी आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांसाठी. वय 35 च्या आत, गुण 60 टक्के, उत्पन्न त्या सुप्रसिद्ध आठ लाखांच्या आत. पण 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत एक कलम घातलं गेलं: भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातलं समाजशास्त्रीय संशोधन हे विषय चालणार नाहीत. म्हणजे जगावर अभ्यास करा, फक्त त्या जगात भारत नसावा. आपल्या विषयाची पोरं नेमकी इथं अडकतात. प्रस्तावाच्या शीर्षकात ‘भारतीय’ शब्द ठेवण्याआधी त्या वर्षीची सूचना ओळ न् ओळ वाचावी.

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, जागा 75. मराठा-कुणबी पोरांना सारथी ही सरकारी संस्था आहे, तिचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे. इथला अडसर म्हणजे जगातल्या विद्यापीठांची क्यूएस क्रमवारी. विद्यापीठ वरच्या ठरावीक क्रमांकात हवं, आणि तेही एकूण क्रमवारीत, विषयाच्या नव्हे. ग्लोबल स्टडीजची नावाजलेली खाती पुष्कळदा मध्यम विद्यापीठांत असतात. विषय बघावा तर क्रमांक सुटतो, क्रमांक धरावा तर विषय. माझं मत विचाराल तर आधी क्रमवारीची यादी उघडावी आणि मग त्यात विषय हुडकावा. रोमँटिक नाही, पण पैसे मिळतात. प्रवेशपत्रही विनाअट लागतं. ‘अंतिम निकाल आल्यास’ एवढी तीन शब्दांची शेपटी असली तरी फाईल बाजूला पडते.

रोटरीचं ग्लोबल ग्रँट फार थोड्यांना आठवतं. किमान 30,000 डॉलरचं असतं. इथला क्लब आणि तिकडचा क्लब दोघांनी मिळून उभं करायचं. विषय त्यांच्या सात क्षेत्रांपैकी एकात बसला पाहिजे, म्हणून ‘ग्लोबल स्टडीज’ म्हणू नये; शांतता, पर्यावरण किंवा समाजाचा आर्थिक विकास यांपैकी काय ते धरावं. एक अट मात्र मजेशीर आहे: रोटरी सदस्यांच्या मुला-नातवंडांना हे मिळत नाही. कोल्हापुरात कदाचित ही एकच जागा असेल जिथं पप्पांची ओळख आडवी येते.

आता कागद. उत्पन्नाचा दाखला सेतूतून निघतो. तलाठ्याचा अहवाल, सातबारा, रेशनकार्ड, पगारदार असेल तर फॉर्म सोळा. चूक होते ती वर्षाची. योजनेला मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न हवं असतं आणि दाखल्यावर भलतंच वर्ष येतं. एका वर्षाचा दाखला 31 मार्चला मरतो, आणि बहुतेक पोर्टलं नेमकी तेव्हाच जागी होतात.

नावाचा घोळ त्याहून मोठा. गुणपत्रिकेवर ‘पाटील अमोल शंकर’, पासपोर्टवर ‘अमोल शंकर’ एका रकान्यात आणि ‘पाटील’ दुसऱ्यात, आधारवर ‘अमोल एस पाटील’, जातीच्या दाखल्यावर ‘अमोल शंकरराव’. युरोपातल्या संगणकाला हे चार इसम वाटतात. नुसता क्रमाचा फरक असेल तर ‘वरील सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी चालतं. स्पेलिंगच वेगळं असेल तर राजपत्राची वाट धरावी. जन्मतारीख चुकली असेल तर प्रतिज्ञापत्र कामाचं नाही, मूळ दाखला दुरुस्त करावा लागतो, आणि त्याला महिने जातात.

शिफारसपत्रांबद्दल काय बोलावं! सर म्हणतात, “तूच लिहून आण रे, मी सही करतो.” तीन सरांची तीन पत्रं एकाच हातची, तिन्हींत ‘कष्टाळू व होतकरू’. वाचणारा काही खुळा नसतो. त्यापेक्षा सरांना एका पानावर मुद्दे द्यावेत: कुठल्या वर्षी काय शिकवलंत, प्रकल्प कशावर होता, गुण किती, शेवटची तारीख कुठली. ते सुद्धा किमान तीन आठवडे आधी. पुष्कळ पोर्टलं साध्या जीमेलवरचं पत्र संशयानं बघतात, कॉलेजचा अधिकृत ईमेल लागतो. तो सरांना कुणीतरी पूर्वी काढून दिलेला असतो, त्याचा पासवर्ड मात्र एका क्लार्ककडं असतो आणि तो रजेवर असतो. सरांना आलेला दुवा स्पॅममध्ये पडतो, हेही आधीच सांगून ठेवावं.

स्कॅनिंगला झेरॉक्सवाल्याच्या मोबाइल ॲपवर विसंबू नये. पानाच्या कडेला त्याचा अंगठा येतो. फाईल दोनशे केबीत बसवताना रंग काढावेत, पण गोल शिक्का वाचता आला पाहिजे. आणि शेवटची वेळ मध्य युरोपीय 23:59 लिहिली असेल तर हिवाळ्यात आपल्याकडं ती पहाटेचे 4:29. ‘अजून साडेचार तास हातात आहेत’ म्हणून कोपऱ्यावर पांढरा रस्सा भुरकायला गेलेल्यांचा अर्ज बहुधा 4:30 ला सबमिट होतो, म्हणजे होत नाही.

निकाल ‘राखीव यादी’ असा आला तर तोंड पाडून बसू नये. मुख्य यादीतली पोरं दोन-दोन ठिकाणी निवडलेली असतात, एक जागा सोडतात, आणि ती सरकत खाली येते. मात्र उत्तर द्यायला थोडेच दिवस देतात, तेव्हा मेल रोज बघावं.

आणि शिष्यवृत्ती मिळालीच, तरी पहिला हप्ता तिकडं पोचून, पत्ता नोंदवून, बँकेत खातं उघडल्यावर येतो. तोवरचं तिकीट, घराची अनामत, पहिल्या दोन महिन्यांचं जेवणखाण ही आपली जबाबदारी. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात आणि ते मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून बहुतेक घरं शेवटी गल्लीतल्या पतसंस्थेत सोनेतारणाला जातात. जाताना मूळ पावती न्यावी, व्याज महिन्याचं सांगतायत की वर्षाचं ते विचारून घ्यावं, आणि ‘पोरगं युरोत फेडणार हाय’ हे काउंटरवर बोलू नये, दर त्यानं कमी होत नाही, मॅनेजर फक्त आपल्या भाच्याचा बायोडाटा पुढं करतो.