डावी बाजू, उजवी बाजू आणि आमचे बाबा

दहावीच्या भूमितीतले बाकीचे प्रश्न उत्तर मागतात. त्रिकोणमितीतला ‘सिद्ध करा’वाला प्रश्न उत्तर स्वतःच छापून देतो आणि वर विचारतो, कशावरून? डावीकडे एक राशी, उजवीकडे दुसरी, मधे बरोबरचं चिन्ह. पुस्तकानं मान्य केलं आहे, सरांनी फळ्यावर लिहिलं आहे, आमच्या आळीतल्या कोणाचाही त्याला विरोध नाही. तरी त्यापायी आमच्या घरी रोज रात्री भाकर थंड होते.

कारण माझी पुतणी दहावीत आहे आणि मी बी.एस्सी. आहे. मी बी.एस्सी. आहे ही गोष्ट घरच्यांना दोनच वेळा आठवते. एक, इन्व्हर्टर बंद पडल्यावर. दुसरं, घरातलं कोणी दहावीत गेल्यावर. एरवी मी गावात कृषी केंद्र चालवतो आणि युरियाची गाडी कधी येणार या प्रश्नाला दिवसभर तोंड देतो. त्या प्रश्नाचं उत्तर कोणी छापून दिलेलं नसतं, तरी तो मला सोपा वाटतो.

अभ्यासाची जागाही सांगायला पाहिजे. अवंदा भाव वाढेल म्हणून भावानं कापूस विकला नाही. समोरची खोली जवळजवळ छतापर्यंत भरली आहे आणि पुतणीचं टेबल त्या कापसाखाली कुठंतरी आहे. म्हणून ती ढिगावर चढून अभ्यास करते. खाजवते आणि अभ्यास करते. मी खाली दारात उभा राहून शिकवतो. उन्नत कोन आणि अवनत कोन हा भाग त्यामुळे फुकटात झाला: मी वर पाहतो तो उन्नत, ती खाली पाहते तो अवनत, अंश दोन्हीकडं तेवढेच. मग बाकीच्या धड्याला हात घातला आणि सुख संपलं.

साइन, कोसाइन, टॅन आणि त्यांची उलटी कोसेक, सेक, कॉट ही काटकोन त्रिकोणाच्या दोन-दोन बाजूंची गुणोत्तरं. पुस्तकात त्यांच्या तीन नित्यसमानता, म्हणजे कोन बदलला तरी खऱ्या राहणाऱ्या समानता, आहेत. साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर एक. एक अधिक टॅनचा वर्ग बरोबर सेकचा वर्ग. एक अधिक कॉटचा वर्ग बरोबर कोसेकचा वर्ग. मी म्हटलं, "बेटा, ही एकच आहे. काटकोन त्रिकोणाला पायथागोरसचं प्रमेय लाव, कर्णाच्या वर्गानं भाग, पहिली मिळते. पहिलीला कोसाइनच्या वर्गानं भागलं की दुसरी, साइनच्या वर्गानं भागलं की तिसरी. पाठ एकच कर."

ती वरून म्हणाली, "सरांनी तीन सांगितल्या, तुमी एकच सांगून राहिले. दोनचे गुण कोण देईन?"

यावर वहिनी स्वयंपाकघरातून बोलल्या, "भाऊजी, सरांनी सांगतलं तेवढं सांगा ना जी."

शेजारचा पोट्टा तिच्याच वर्गात आहे. त्याचं गणित वेगळ्याच वेगानं चालतं. अंशात थीटा, म्हणजे कोनाला दिलेलं अक्षर, आणि छेदातही थीटा दिसला की तो दोन्ही थीटा काटतो. मग हातात उरतं नुसतं साइन भागिले कोसाइन. कशाचं साइन, हे विचारायचं नाही. एका संध्याकाळी त्यानं सगळीकडचे वर्गच काढून टाकले आणि साइन अधिक कोसाइन बरोबर एक असा स्वतःचा नियम घेऊन आला. मी नाही म्हटलं. त्यानं शून्य अंश टाकून दाखवले: शून्य अधिक एक, एक. नव्वद टाकून दाखवले: एक अधिक शून्य, एक. माझ्या तोंडाकडं असं पाहिलं की जणू माझी डिग्री तपासायची बाकी आहे. मग 30 टाकायला लावले. अर्धा अधिक सुमारे 0.866, म्हणजे 1.366. तो जरा विचार करून म्हणाला, "काका, 30 सोडून देऊ ना. बाकी ठिकाणी त जमून राहिलं."

मला त्या पोट्ट्याचं कौतुकच वाटलं, कारण या धड्याचं मर्म त्याच्या सोडून देण्यातच आहे. कोन टाकून पाहणं म्हणजे सिद्धता नाही. टॅन बरोबर कॉट हे 45 अंशाला खरं आहे, म्हणून सगळीकडं खरं होत नाही. नित्यसमानता ती, जी राश्यांना अर्थ आहे अशा प्रत्येक कोनाला खरी असते, आणि कोन तर मोजून संपत नाहीत. म्हणून कोनाचं नावही न घेता, थीटाला थीटाच ठेवून, डावीकडून उजवीकडं चालत जावं लागतं. पण एखादी समानता खोटी आहे हे दाखवायला मात्र एक कोन पुरतो. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंग खोटं सिद्ध कराचा प्रश्न काऊन नाई देत? पटकन झाला असता."

चालण्याचे नियमही कडक. जी बाजू अवघड दिसते तिच्यापासून सुरुवात करायची. काही सुचलं नाही तर सगळं साइन-कोसाइनमध्ये आणायचं. आणि बरोबरच्या चिन्हावरून काहीही पलीकडं न्यायचं नाही. सिद्ध होईपर्यंत ते चिन्ह तिथं नाहीच असं समजायचं.

"पण पुस्तकात त छापलं आहे," पुतणी म्हणाली.

"छापलं आहे, पण आपण पाहिलं नाही."

"मंग उजवी बाजू तरी पाहायची का नाई?"

पाहायची, पण वापरायची नाही. कुठं जायचं ते ठाऊक असावं, म्हणून पाहायची. हे तिला पटवताना मलाही घाम फुटला, जानेवारीत.

सोपी उदाहरणं बरी असतात. टॅन अधिक कॉट बरोबर सेक गुणिले कोसेक. टॅनचं साइन भागिले कोसाइन करा, कॉटचं उलट करा, छेद सारखे करा. अंशात साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग येतो, त्याचा एक होतो, खाली साइन गुणिले कोसाइन उरतं. झाले सेक आणि कोसेक. मग वर्गमूळवालं येतं: वर्गमूळात एक वजा साइन, भागिले एक अधिक साइन, दाखवायचं सेक वजा टॅन. इथं अंशाला आणि छेदाला एक वजा साइननं गुणायचं. आमच्याकडं लग्नात दोन्ही व्याह्यांना सारखा दुपट्टा आणि सारखी टोपी द्यावी लागते, तसं वरच्याला जे दिलं तेच खालच्याला. वर पूर्ण वर्ग तयार होतो, खाली एक वजा साइनचा वर्ग म्हणजे कोसाइनचा वर्ग, आणि वर्गमूळ निघून जातं. लघुकोन आहे म्हणून चिन्हाचाही तंटा नाही.

पुतणीला हे आवडलं. पण व्याह्यांचं ऐकून बाबा खाटेवर उठून बसले आणि कोणाच्या लग्नात कोणाला टोपी आखूड आली होती ते सांगू लागले. तो दिवस तिथंच संपला.

पोरं यातून पळवाटही काढतात, तीही कौशल्यानं. वरून डावी बाजू घेऊन चार ओळी खाली यायचं, खालून उजवी बाजू घेऊन चार ओळी वर जायचं, आणि मधे जिथं दोघींची गाठ पडत नाही तिथं एक ओळ गिचमिड अक्षरात लिहून ‘म्हणून’ असा शब्द टाकायचा. शेवटी ‘डा.बा. = उ.बा.’ मात्र मोत्यासारखं. गणित भाग दोनचा, म्हणजे भूमितीचा, पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. तपासणाऱ्याची नजर त्या ‘म्हणून’वरून घसरेल अशी सगळ्या जिल्ह्याची आशा असते.

मग ते उदाहरण आलं. टॅन भागिले सेक वजा एक, ‘सेक वजा एक’ सगळं छेदात. बरोबर, टॅन अधिक सेक अधिक एक, भागिले टॅन अधिक सेक वजा एक. पुतणीनं उजवी बाजू अवघड म्हणून उजवीकडून सुरुवात केली, नियमाप्रमाणे. सगळं साइन-कोसाइनमध्ये आणलं, तेही नियमाप्रमाणे. गुणलं, कंस सोडले, परत गुणलं. वहीची पानं भरली. शेवटी जे निघालं ते पाहून ती कापसात मागं पडली, कारण फिरून मूळची उजवी बाजूच निघाली होती. म्हणजे उजवी बाजू बरोबर उजवी बाजू एवढं तिनं निर्विवाद सिद्ध केलं होतं.

मी म्हटलं, डावीकडून ये. टॅनचा वर्ग म्हणजे सेकचा वर्ग वजा एक, म्हणजे सेक वजा एक गुणिले सेक अधिक एक. तेव्हा टॅन भागिले सेक वजा एक, हे सेक अधिक एक भागिले टॅन याच्याएवढंच. आता दोन गुणोत्तरं समान मिळाली. नववीत समान गुणोत्तरांचा सिद्धांत शिकली होतीस: अंशांची बेरीज भागिले छेदांची बेरीज, तरी गुणोत्तर तेच. वर टॅन अधिक सेक अधिक एक. खाली सेक वजा एक अधिक टॅन. संपलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढंच?" आवाजात आनंद कमी, फसवणूक झाल्याचा भाव जास्त. "पण पेपरात हे सुचन कसं?"

याचं उत्तर गाइडमध्ये नसतं. गाइडमध्ये कंसात सूचना असते, ‘समान गुणोत्तरांचा सिद्धांत वापरा’, आणि ती वाचली की उरतो तो फक्त हिशोब. मला विचाराल तर असं एक उदाहरण स्वतः धडपडून सुटलं की सूचना वाचून सोडवलेली पानंच्या पानं त्यापुढं फिकी. पण हे मत मी घरात मोठ्यानं बोलत नाही. वहिनींच्या हातात उलथनं असतं.

दुसऱ्या दिवशी अपेक्षित प्रश्न आला: "काका, याचा उपयोग काय?" मी तयारीत होतो. म्हटलं, आपल्या तालुक्याच्या गावाला, हिंगणघाटला, विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रजाची कबर आहे. यानं 1802 मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांच्या आसपासची एक रेघ साखळीनं मोजली. त्या एका बाजूवर त्रिकोण रचला, कोन मोजले, बाकीच्या बाजू साइनच्या कोष्टकावरून काढल्या. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर पुढचा. असा त्रिकोणावर त्रिकोण ठेवत तो देश मोजत निघाला. कोन मोजायचा थिओडोलाइट जवळजवळ अर्ध्या टनाचा, तो डोंगरांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवायचा. हैदराबादहून नागपूरकडं निघालेला तो 1823 च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. पुढं याच मोजणीच्या आकड्यांवरून राधानाथ सिकदर यांनी गणित मांडलं आणि एव्हरेस्ट सर्वांत उंच ठरलं.

मला वाटलं, पुतणी भारावेल. ती म्हणाली, "म्हणजे तो यानंच मेला?"

बाबांना मात्र विषय आवडला. "हिमालय मोजून झाला म्हणते," ते म्हणाले, "अन् आपल्या वावराचा धुरा अजून मोजून नाई झाला."

बाबांची त्या आठवड्यात एक वेगळीच लढाई चालू होती. अतिवृष्टीचं अनुदान अडकलं होतं, कारण सातबारावर त्यांच्या नावापुढं ‘राव’ नाही आणि आधार कार्डावर आहे. ऑफिसातल्या बाबूनं विचारलं, हे दोन्ही तुम्हीच कशावरून? बाबा म्हणाले, मी तुमच्यासमोर उभा हावो ना जी. बाबू म्हणाला, ते दिसून राहिलं आजोबा, पण कागद लागते. मग बाबांनी पोलीस पाटलाचा दाखला जोडला, त्यात आडनाव चुकलं. रेशन कार्ड जोडलं, त्यात वय चुकलं. शेवटी प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं आणि ते करून बाबा घरी आले, कागद नातीच्या हाती दिला, वाच म्हणाले.

ती कापसावरून मोठ्यानं वाचू लागली. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, वरील दोन्ही नावे माझीच असून दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.’ इथं ती थांबली.

"आबा, हे नाई चालत."

"काऊन?"

"जे सिद्ध करायचं तेच पहिल्या ओळीत लिहून टाकलं. मधल्या पायऱ्याच नाईत. सर शून्य देतात याले."

"नोटरीनं शिक्का मारला ना खाली."

"शिक्क्याचे गुण नाई भेटत."

बाबांनी कागद परत मागितला, नीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि वर पाहून म्हणाले, "पोरी, तुह्या त्या थीटाले अगुदर आधार कार्ड काढून दे. अन् नाव दोन्हीकडं सारखं लिहायले सांगजो. मंग सिद्ध कराची पाळीच नाई येत."